परतीचं तिकीट

व्हरमाँट, अमेरिका, ऑगस्ट १९११. मुलगा पाण्यात उतरेल या धास्तीनं त्याला तळ्याकाठच्या उन्हाळी छावणीतून आजच घरी न्यायचं, असं ठरवून आलेल्या एडना टिल्डनबाई परतीची दोन तिकिटं काढायला स्टेशनवर रांगेत उभ्या होत्या. पुढे उन्हानं रापलेले दोन तरुण होते.

"लेस्टर, बेटापर्यंत पोहलास हे आईला सांगणार?"

"सांगणार तर!"

"पाण्यात उतरायचं नाही, अशी शपथ घातली होती ना तिनं?"

"बाबा बुडाले तेव्हापासून घालतेय."

"मग रडेल ती."

"रडेल. मग विचारेल, पाणी गार होतं का."

"आणि तू काय सांगशील?"

"की पहिल्यांदाच भीती वाटली नाही."

खिडकीतून कारकुनानं विचारलं, "किती तिकिटं, बाई?"

"एकच," टिल्डनबाई म्हणाल्या. "मुलगा राहतोय अजून."