समुद्रावर शंभरात चाळीस

मंडळी, सोयाबीन कापून रानात पडलंय, तरी तुम्ही सगळे बाईंच्या शोकसभेला आलात. बाईंना बरं वाटलं असतं. आणि त्या तुमच्यावर ओरडल्याही असत्या. मला बोलायला उभं केलंय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, काय बोलू?

आपल्या कुसुमबाई मुखेडला शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि गावी येऊन राहिल्या. दसरा झाला की रोज हवामान खात्याचं पत्रक मोबाइलवर वाचायच्या आणि पारावर येऊन सांगायच्या, बंगालच्या उपसागरात वादळ तयार व्हायची शक्यता किती. समुद्राशी आपला काय संबंध, असं आपण म्हणायचो. पण तिकडं वादळ उठलं की पाणी आपल्या कापलेल्या सोयाबीनवर. शेंगांना मोड येतात. हे तुम्हाला मी सांगू?

मी रोज विचारायचो, "बाई, व्हईल का न्हाई? एकच सांगा."

"तेच तर सांगता येत नाही, मामा."

"मग एवढं शिकलात कशाला?"

हसायच्या. कधी रागावल्या नाहीत.

एकदा म्हणाल्या, "आज शंभरात चाळीस." आठवतं ना? आपण पारावर बसून विचार केला. पस्तीसला पोरगं पास होतं, मग चाळीस म्हणजे वादळ पासच झालं! सारं गाव धापा टाकत रानात पळालं, गंजी झाकल्या. आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन, असं ऊन! हा संभा म्हणाला, "बाई, तुमचं वादळ नापास झालं की वो!"

बाई हसून हसून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, हे मार्क नाहीत. असे ढग समुद्रावर शंभरदा जमले, तर चाळीसदा वादळ होतं, साठदा विरून जातं. आजचं कशात बसेल, ते कुणालाच ठाऊक नसतं."

"मग आमी करायचं काय?"

"झाकायला कष्ट किती, भिजलं तर बुडतं किती, ते बघा मामा. ते मला कळत नाही, तुम्हाला कळतं."

मंडळी, आज सकाळी ते पत्रक मी वाचलं. मी! अक्षर अक्षर लावून वाचलं. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालंय. येत्या दोन-तीन दिवसांत वादळ व्हायची शक्यता, मध्यम. मध्यम! विचारायला पाराकडं निघालो आणि अर्ध्या वाटेत पाय थांबले. विचारू कुणाला?

तिथंच उभ्या उभ्या ठरवलं. पाऊस आला तर वर्ष गेलं. नाही आला तर एका दिवसाची दमणूक. मी झाकणार. उद्या ऊन पडलं तर हसा मला. संभा, तू तर खुशाल हस. ठरलं म्हणजे ठरलं.

बाई, रामराम घ्या आमचा. या मंडळी, उठा. बाईंसाठी थोडा वेळ गप्प उभे राहू. मग कुणी घराकडं वळू नका, सरळ रानात चला गंजी झाकायला. माझी ताडपत्री मी येतानाच आणलीय, दाराशी ठेवलीय.