न पेटलेली चूल

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आधी एक प्रश्न! अन्न कुणाला द्यावं? — "मागेल त्याला!" बरोबर. पण ज्याला मागायचीच भीती वाटते, त्याचं काय? ऐका तर मग.

पेंढाऱ्यांचा काळ! टोळी यायची, धान्य लुटायची, घरं पेटवायची. आठवड्यात तीन गावं उठली! एकीनं घाईत रिकामी परात उचलली — आणि पिठाचं मडकं राहिलं घरात! हसा, हसा. पण ती बाई महिनाभर ती परात उराशी धरून निजत होती, हेही ऐका.

ही माणसं आली कसबे पिंपळदरीच्या माळावर, गढीच्या आसऱ्याला. तिथले देशमुख उमाजीराव मोठ्या मनाचे. म्हणाले, "दर चुलीमागं एक चिठ्ठी द्या. चिठ्ठी दाखवली की वाण्यानं ज्वारी द्यायची. आणि त्याच चिठ्ठीवर तलावाच्या बांधावर काम, संध्याकाळी रोख मजुरी!" म्हणजे पोटाला अन्न मिळतं आणि माणूस मिंधाही होत नाही.

पण चुली मोजायच्या कशा? कारकून त्र्यंबकपंत फार हुशार! सकाळी बुरुजावर चढायचे नि माळावरचे धूर मोजायचे. जितके धूर, तितक्या चिठ्ठ्या! पायाला धूळ नको! काय हो मृदंगवाले, तुमच्या घरी आज धूर निघाला का? — गॅस आहे म्हणता? मग पंतांच्या लेखी तुम्ही नाहीच!

माळाच्या टोकाला, बाभळीखाली, म्हाळसा नावाची बाई होती. सोबत चार वर्षांची बनी. तीन दगड मांडले होते, पण चूल पेटली नव्हती. आठ दिवस!

का? गाव सोडलं तेव्हा ती, तिचा नवरा नि बनी अशी तिघं ज्वारीच्या उभ्या पिकात लपली होती. बनी भुकेनं रडायला लागली. म्हाळसानं चार काटक्या पेटवल्या, एक भाकरी टाकली. एकच! धूर वर गेला... आणि टापा आल्या! टोळीला चकवायला नवरा उलट्या बाजूला धावत सुटला. तो परत आला नाही.

तेव्हापासून धूर दिसला की तिला टापा ऐकू यायच्या! शेजारची राहीबाई कधी अर्धी भाकरी द्यायची, पण तिचीच सात तोंडं. बनी आता रडतही नव्हती. लेकरू रडतं तोवर आईला धीर असतो हो! ते गप्प झालं की काळजाचं पाणी होतं.

म्हाळसा पंतांकडे गेली. "दादा, चिठ्ठी द्या. पाटी उचलते, माती टाकते."

"तुझी चूल कुठंय?"

"बाभळीखाली हाय की."

"धूर दिसला नाही!"

"धुराचं नगा म्हणू, दादा... भ्या वाटतं."

"उद्या पेटव. दिसला की देतो. नियम आहे!"

दुसरी सकाळ. राहीबाईनं खापरात विस्तव आणला. "फुंक गं, मी हाय इथंच." म्हाळसा फुंकते. एक काटकी... दुसरी... धूर निघाला! आणि तेवढ्यात — टापा! टप्, टप्, टप्! मनातल्या नव्हेत, खऱ्या! राहीबाईलाही ऐकू आल्या!

म्हाळसानं काय केलं? पेटत्या चुलीवर दोन्ही तळहात दाबले! उघडे हात, मंडळी! मग बनीवर पालथी पडली. घोडा शेजारी थांबला. ही मान वर न करता ओरडली, "धूर माझा हाय! मला न्या — पोरीला सोडा!"

घोड्यावर कोण होतं? पेंढारी? नाही हो! त्र्यंबकपंत! एकाच घरानं दोन चुली पेटवून दोन चिठ्ठ्या तर लाटल्या नाहीत ना, हे तपासायला आले होते. कमरेला चिठ्ठ्या होत्या! अन्न देणाऱ्याला ती पेंढारी समजली. सांगा, तिचं काय चुकलं? टापांत फरक काय होता?

पंतांनी ते हात पाहिले. चूल तर विझली होती, धूर नव्हता! तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली. म्हाळसाला ती धरता येईना, म्हणून बनीच्या मुठीत दिली. भाकऱ्या राहीबाईनं आपल्या चुलीवर भाजल्या. पाटी उचलणं शक्य नव्हतं, तर बांधावरच्या बायांची लेकरं सांभाळायचं काम पंतांनी तिला दिलं. मजुरी तीच! आणि पंत पुन्हा बुरुजावर चढले नाहीत. घोडा सोडला. माळावर पायी फिरायचे नि बघायचे, धूर कुठं निघत नाही? पहिल्याच दिवशी अशा नऊ चुली सापडल्या. नऊ!

आता इकडं बघा. आपल्या गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या महिन्यात माणसं आलीत. त्यांच्या गावाकडच्या गोळीबारातून जीव घेऊन आलीत. आपण धान्याची कुपनं वाटली, बंधाऱ्याचं काम दिलं, फोटो काढले. पण शेवटच्या खोलीतलं कुणीच आलं नाही. आपण म्हणालो, "आले नाहीत, म्हणजे गरज नसेल." मीही म्हणालो! आणि काल मोटारसायकलवरून त्या दारासमोरून गेलो — आतून कडी घातल्याचा आवाज आला. माझ्या गाडीला भिऊन, मंडळी! माझ्या!

म्हणून आजचा प्रसाद इथं वाटायचा नाही. उठा. गाड्या इथंच राहू द्या. टाळ नको, माईक नको. बायांनो, तुम्ही पुढं व्हा. हळू चाला, नि दार वाजवायच्या आधी लांबूनच सांगा — "भिऊ नगा, भाकरी आणलीया."