ताईंचा राहिलेला घोट

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, रक्त तपासणी प्रयोगशाळेतील माझे सहकारी, पहिल्या रांगेतून आत्तापासूनच 'आवरतं घ्या' अशी खूण करणारी माझी पत्नी, आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की या गृहस्थांना एकदा भेटायलाच हवं असं मलाही वाटू लागलं. महोदयांनी तर 'ग्लासवाले साहेब' या माझ्या टोपणनावाचा किस्साही रंगवून सांगितला. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, त्या टाळ्या ऐकताना मला मान वर करवेना.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातून पसरणारी जी कावीळ असते, हिपॅटायटिस बी, ती निघालेला माणूस आमच्याकडे यायचा तो आधी स्वतःलाच घाबरलेला असायचा. लेकरांच्या ताटाला हात लावू की नको, इथपासून त्याची सुरुवात. मी त्याला माझ्यासमोर बसवायचो, पाणी द्यायचो, आणि त्यानं घोट घेतला की त्याच ग्लासातलं उरलेलं पाणी मी प्यायचो. "बघा, हा आजार उष्ट्यानं लागत नाही. यात लाजण्यासारखं काय आहे?" तासभर समजावून जे होत नसे, ते त्या घोटानं व्हायचं. पुढे आमच्या तपासणीच्या प्लेट लावणाऱ्या ताईंनीही तीच रीत उचलली.

तर गेल्या महिन्यात नवं किट आलं. आता किट म्हणजे काय, तर बारीक खळग्यांची एक प्लेट. खळग्यात विषाणूचा अंश असला तर त्याला एक एन्झाइम चिकटून बसतं. मग प्लेट धुवायची. ज्याला धरायला काही नाही ते एन्झाइम वाहून जातं, जे उरतं ते रंग आणतं. सगळी मदार त्या धुण्यावर. धुणं कच्चं राहिलं, की निरोग्यालाही रोगी ठरवून मोकळं!

नवं किट पारखायला स्वच्छ रक्त लागतं. ते कोणाचं? अर्थात साहेबांचं! माझं रक्त कधी काळी तपासलं होतं, मलाच आठवत नव्हतं. जगाला लस घ्यायला लावणाऱ्या माझा स्वतःचा शेवटचा डोस राहूनच गेला होता. पण साहेबांच्या रक्ताला कोण नावं ठेवणार?

प्लेटवर माझा खळगा पिवळाधमक झाला.

मी सगळ्यांदेखत ताईंवर ओरडलो, "धुणं नीट जमत नसेल तर सांगा, दुसरं कोणीतरी बघेल!" ताई एवढंच म्हणाल्या, "साहेब, बाकीचे खळगे कोरे आहेत. तरी परत लावते." परत लावलं, जुन्या किटवरही लावलं. तोच रंग. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारी एन्झाइम्सही माझ्या रक्तात वाढलेली निघाली. उष्ट्यानं नव्हे, कामात कधीतरी टोचलेली सुई भोवली असणार. मग ताई माझ्या खोलीत आल्या, समोर बसल्या, मला पाणी दिलं. मी घोट घेतला. त्यांनी ग्लासाला हात घातला, आणि मी तो हिसकावून घेतला! "नको. कोणी बघेल," म्हणालो.

कोणी बघेल! हे शब्द माझ्या तोंडून यावेत?

घरी मी माझा कप वेगळा ठेवू लागलो. बायकोला सांगायला हवं होतं, तिची तपासणी तर आधी व्हायला हवी होती. एरवी हे मी कोणालाही खडसावून सांगितलं असतं. स्वतःच्या घरात मात्र जीभ रेटेना. शेवटी तिनंच कप हुडकून काढला आणि म्हणाली, "लोकांचं उष्टं पाणी प्यायलात, आणि माझ्यापासून कप लपवताय?" तिचं रक्त स्वच्छ निघालं. तिनं लस वेळेवर, पूर्ण घेतली होती.

मला आजाराची लाज वाटली, याचीच आज लाज वाटते. माझ्यासमोर बसून गेलेली ती सगळी माणसं, त्यांना काय वाटत होतं ते मला आत्ता कळतंय. आणि ताईंचं धुणं चोख होतं, हे मी अजून कोणासमोरही बोललेलो नाही. आज या सभागृहासमोर बोलतो. त्यांचं धुणं चोख होतं. ताई, मला माफ करा.

मघापासून मी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पितोय, आणि त्यावरून इथे विनोदही झाले. ती बाटली आता ठेवतो खाली. हा व्यासपीठावरचा ग्लास. हे बघा, अर्धा प्यायलो. ताई, त्या दिवशीचा तुमचा घोट राहिलाय. सगळ्यांदेखत ओरडलो होतो, तर हेही सगळ्यांदेखतच होऊ दे. येता का? महोदया, एक मिनिट द्या... वाट द्या जरा त्यांना... या.

अहो, घोटभर पुरे होतं, अख्खा ग्लास संपवलात!

आता आवरतं घेतो. आयोजकांचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि मला बसू द्या.