सुलक्षणा कुणालाच आवडली नाही

(कोरेगावजवळच्या एका बंगल्याचं मागचं अंगण. पुढच्या दिवाणखान्यात टीव्ही मालिकेचं शूटिंग चालू आहे.)

रंगूबाई: आगं, त्या फरशीवर नगं बसू. तिन्हीसांजेला लय गार पडती. हितं ये, घोंगडं टाकलंय.

दीक्षा: असू दे आज्जी. गाडी येईल इतक्यात.

रंगूबाई: कशाची येतीया! त्या रत्नप्रभाचं रडायचं शूटिंग हाय अजून. ती रडल्याबिगार ड्रायव्हर हालत न्हाई. ये.

दीक्षा: आज्जी, एक विचारू? गेल्या आठवड्यात चॅनलवाल्यांनी साताऱ्याला बायका बोलावल्या होत्या. तुम्ही गेला होता?

रंगूबाई: व्हय की. आमच्या बचत गटाच्या समद्या गेलतो. जीप धाडलेली त्यास्नी. वडा दिला, च्या दिला, जाताना एकेक डबा दिला. का गं?

दीक्षा: काय विचारलं त्यांनी?

रंगूबाई: शिरेलीतलं कोन आवडतं, कोन न्हाई. एक पोरगी इचारायची आनि दुसरी फोनात रेकॉर्ड करून घ्यायची.

दीक्षा: तुम्ही कोण सांगितलं?

रंगूबाई: रत्नप्रभा.

दीक्षा: रत्नप्रभा? मोठी सून? जी धाकटीच्या दुधात गुंगीचं औषध घालते?

रंगूबाई: घालती की. पन त्याच्या आदल्या राती चुलीपुढं बसून एकटीच भाकरी खात हुती. डोळं पुसायची आनि घास घ्यायची. मला माजी नणंद आठवली. लय भांडकुदळ बाई. गेली तवा पंधरा दिस घर मोकळं मोकळं वाटायचं.

दीक्षा: आणि सुलक्षणा? माझ्याबद्दल काय सांगितलं?

रंगूबाई: तुज्याबद्दल कुटं, त्या धाकट्या सुनंबद्दल.

दीक्षा: तेच. काय सांगितलं?

रंगूबाई: म्हनलं, ती बघवत न्हाई.

दीक्षा: हं.

रंगूबाई: काय झालं गं?

दीक्षा: काही नाही. उद्या माझा शेवटचा दिवस आहे. सकाळी सांगितलं मला. सुलक्षणा माहेरी जायला निघते आणि पाचगणीच्या घाटात तिची गाडी दरीत जाते. म्हणजे गाडी दाखवणार नाहीत. नुसता घरात फोन वाजणार.

रंगूबाई: आगं बाई! माज्यामुळं?

दीक्षा: तुमच्या एकटीमुळं नव्हे. सगळीकडून तेच आलं. सांगलीकडच्या बायकांनी तर सांगितलं म्हणे, ही पोरगी आपल्याकडची वाटत नाही. मी तासगावच्या पलीकडची, आज्जी. माझी आई अजून द्राक्षाच्या बागेत कामाला जाते. ती ज्या बायकांबरोबर जाते ना, त्याच असतील त्या. आणि मी त्यांना आपल्याकडची वाटत नाही.

रंगूबाई: मग तू तसं बोलतीस कशाला त्यात? 'आवं धनी, म्या तुमचीच वाट बगत व्हते जनू.' कोन बोलतं असं? आमच्या मालकास्नी मी जल्मात कवा धनी म्हनलं न्हाई. 'आवं, ऐकलं का' म्हनायची.

दीक्षा: ते लिहून येतं मुंबईहून. पहिल्या दिवशी मी, आम्ही घरात बोलतो तसं बोलले. तर म्हणाले, हे गावाकडचं वाटत नाही. मग गावाकडचं कसं असतं ते मला शिकवलं.

रंगूबाई: आनि तू शिकलीस?

दीक्षा: शिकले.

रंगूबाई: बोलली न्हाईस काय त्यास्नी?

दीक्षा: नाही.

रंगूबाई: पन बोलन्याचं सोड. ती रत्नप्रभा बी तसलंच बोलती. तरी ती आवडती.

दीक्षा: मग का नाही आवडत सुलक्षणा? खरं सांगा. तिनं कुणाचं वाईट केलं?

रंगूबाई: कुनाचंच न्हाई.

दीक्षा: मग?

रंगूबाई: मला इचारतीस म्हनून सांगती. मी काय शिकल्याली न्हाई, मला नीट सांगता बी यायचं न्हाई. त्या दिशी सासूनं ताट भिरकावलं बघ तुज्या अंगावर. तू खाली बसून शितं येचलीस. आनि येचता येचता हासलीस.

दीक्षा: तसं लिहिलं होतं. 'सुलक्षणा मंद हसते.'

रंगूबाई: नवरा त्या फॅक्टरीवालीसंगं महाबळेश्वरला निघाला तर तू त्याचं स्वेटर भरलंस. आमी समद्याजनी टीव्हीपुढं बसल्यालो. शेजारची शेवंता म्हनली, आगं हिला पायजे तरी काय? कुनालाच सांगता येईना. रत्नप्रभाला बंगला पायजे, डागिनं पायजेत, दीर बी पायजे मेलीला. समदं पायजे. तिचा जीव कशात अडकलाय ते कळतं. तुजा कशात हाय?

दीक्षा: ती सोसते, आज्जी.

रंगूबाई: सोसल्यालं दिसावं की.

दीक्षा: म्हणजे तुम्हाला चांगली सून नकोच असते. घरात पाहिजे, टीव्हीवर नको. टीव्हीवर भांडणं पाहिजेत चहाबरोबर!

रंगूबाई: मला चांगली सून हाय बाई. मला नगं सांगू.

दीक्षा: कोण? ह्या बंगल्यात तर तुम्ही एकट्याच असता.

रंगूबाई: राजेश्वरी. माज्या वीरधवलची बायकू. त्यो मिल्ट्रीत हुता. लगीन झालं आनि म्हैन्यात सीमेवर गेला. ही माज्यापाशी ऱ्हायली, त्याची नोकरी संपस्तोवर. आमी दोघीच. एका चुलीवर. कवा उलट बोलली न्हाई बघ. मी म्हनलं ऊठ, तर उठली. मी म्हनलं हे लुगडं नेस, तर नेसली. समदं गाव म्हनायचं, रंगूबाई, नशीब काढलंस.

दीक्षा: मग?

रंगूबाई: मग त्यो रिटायर झाला. ह्यो बंगला बांधला आमाला तिघांस्नी म्हनून. कौलं काढली, स्लॅब टाकला. वास्तुशांत झाली आनि दुसऱ्याच म्हैन्यात दोघं पुन्याला गेली. त्येला तिकडं सिक्युरिटीची मोठी जागा मिळाली म्हनली. जाताना पाया पडली, हासली. तुज्यावानीच.

दीक्षा: येत नाहीत?

रंगूबाई: दिवाळीला येतात की. सकाळी येतात, फराळ करून जातात. फोन करती ती. 'आई, बरं आहे ना? गोळ्या घेतल्या ना?' मी म्हनती, घेतल्या. 'बरं, ठेवते.' झालं. मी रात रात इचार करती, काय चुकलं माजं? कायच सापडत न्हाई. भांडली असती तर धरून बसायला कायतरी हुतं. आता काय धरू?

दीक्षा: कदाचित त्यांना खरंच पुण्याला जायचं असेल. एवढंच असेल.

रंगूबाई: आसंल. परवा वाघ्या घेवड्याची आमटी केली. करता करता मनात आलं, राजेश्वरीला ही आवडायची का? एवढी वर्सं माज्या हातचं खाल्लं तिनं. आनि मला म्हाईत न्हाई. ती म्हनायची, छान झालीया. समद्यालाच छान झालीया म्हनायची.

दीक्षा: आणि म्हणून तुम्हाला सुलक्षणा बघवत नाही.

रंगूबाई: ती हासली की मी टीव्हीपुढनं उठून जाती. मला वाटतं, ही बी जानार.

दीक्षा: जातेय की.

रंगूबाई: तू सुदिक तसलीच हाईस. राग नगं मानू. सहा म्हैनं झालं हितं शूटिंग चाललंय. समदी पोरं येत्यात. आज्जी च्या द्या, आज्जी भाकरी हाय का, आज्जी चार्जर लावू का. ती रत्नप्रभा तर माज्या बिछान्यावर झोपती दुपारची. तू कवा घोटभर पानी मागितलं न्हाईस. आपली बाटली, आपला डबा.

दीक्षा: माझी आजी सांगायची, पाटलाच्या दारात मागायचं नाही. दिलं तर घ्यायचं, नाही तर तहान मारून पुढं जायचं. तिला लांबून ओतायचे, आज्जी. ओंजळीत.

रंगूबाई: आमी बी पाटीलच की गं.

दीक्षा: तुम्ही नव्हे. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी.

रंगूबाई: न्हाई, म्हन की. माजी सासू तसंच ओतायची. ह्याच अंगनात. मी बघितलंय.

दीक्षा: माझ्या आजीचं तेच माझ्या अंगात मुरलंय. मागायचं नाही, कुणाला दिसायचं नाही, चुकायचं नाही. इथं कुणी तसं वागवलं नाही मला. तरी पहिल्या दिवशी मेकअपवाल्या बाईनं आडनाव विचारलं आणि मी तेव्हापासून गाडीतच जेवते. तिनं सहज विचारलं असेल. मला कधी कळलंच नाही, कारण मी परत तिच्याशी बोललेच नाही.

रंगूबाई: मग च्या घेतीस का आता? का आसंच बसायचं?

दीक्षा: कोरा नको. दूध घाला. आणि गूळ नको, मला साखरेचा लागतो.

रंगूबाई: साखर संपलीया.

दीक्षा: ऊस तुमचा, कारखाना शेजारी आणि घरात साखर नाही?

रंगूबाई: आता बोलली! बस, शेवंताकडनं आनती.

* * *

रंगूबाई: झालं का गं समदं? मी सैपाकघराच्या खिडकीतनं बघत हुते. तू एकदा बोललीस आनि समदी तुज्याकडंच बघाया लागली. मग परत दुसरंच बोललीस. ते काय हुतं?

दीक्षा: शेवटचा सीन होता. माहेरी निघताना सुलक्षणा सासूच्या पाया पडते. 'सासूबाई, काही चुकलं असेल तर पदरात घ्या.' असं होतं लिहिलेलं.

रंगूबाई: ते दुसऱ्यांदा बोललीस. पहिल्यांदा?

दीक्षा: पहिल्यांदा ते तोंडातून येईना. मी म्हटलं, 'सासूबाई, मी निघाले. परत येईन का ठाऊक न्हाई. ह्या घरात मी समद्यांस्नी वाढलं. मला एकदा तरी कुणी इचारलं का, तू जेवलीस का म्हणून?'

रंगूबाई: आसं! मग ती सासू काय म्हनली?

दीक्षा: त्या बाई एवढ्या जुन्या, पण पुढचं वाक्य विसरल्या. माझा हात धरला त्यांनी. कट म्हटल्यावरही सोडला नाही.

रंगूबाई: आनि त्यो डायरेक्टर?

दीक्षा: म्हणाला, छान. आता लिहिलंय तसं घेऊ. मी विचारलं, हे का नको? म्हणाला, सुलक्षणा असं बोलणार नाही. लोकांना ती आवडेनाशी होईल.

रंगूबाई: म्हंजे आता लय आवडतीया जनू!

दीक्षा: मीही तेच म्हटलं. सगळे हसले. तोही हसला. मग मी लिहिलेलं बोलले. तेच दाखवतील.

रंगूबाई: त्येवढं बोलायची काय गरज हुती मग? जायाच्या दिशी?

दीक्षा: माझी होती, आज्जी.

रंगूबाई: केक कापला म्हनं.

दीक्षा: कापला. त्यावर सुलक्षणा लिहिलं होतं. माझं नाव त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल. मी कुणाला दोषही नाही देत. कुणाशी मी एवढं बोललेच कुठं?

रंगूबाई: आता कुटं जानार?

दीक्षा: सांगलीची एसटी पकडते. चार दिवस आईकडे. मग पुण्यात कुठं काम मिळतंय का बघायचं. मिळालं तर मिळालं. वाईट बाईचं मिळालं तर बरं.

रंगूबाई: मी त्या चॅनलच्या पोरींस्नी सांगू का फोन करून? मी चुकून बोलले म्हनून?

दीक्षा: नको. तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. निघते मी. तुम्ही मात्र त्या पुण्याच्या बाईंना एकदा विचारा.

रंगूबाई: काय इचारू?

दीक्षा: ते मला काय ठाऊक? तुमची सून आहे ती.

* * *

राजेश्वरी: हॅलो, आई? काय झालं? तुम्ही कसा काय फोन केला? बरं आहे ना सगळं?

रंगूबाई: बरं हाय. समदं बरं हाय.

राजेश्वरी: गोळ्या घेतल्या?

रंगूबाई: घेतल्या. गोळ्यांचं नगं काढू.

राजेश्वरी: ह्यांना जोडून देऊ का? ड्युटीवर आहेत, पण उचलतील.

रंगूबाई: त्याला नगं. तुज्याशीच बोलायचं हाय.

राजेश्वरी: माझ्याशी? बोला ना. तुमची मालिका लागली असेल ना आता?

रंगूबाई: लागली आसंल. मी लावली न्हाई. आज ती धाकटी मरनार हाय.

राजेश्वरी: सुलक्षणा? अरेरे. चांगली होती बिचारी.

रंगूबाई: तुला आवडायची?

राजेश्वरी: हो... म्हणजे, बरी होती.

रंगूबाई: राजेश्वरी, माज्या हातची घेवड्याची आमटी तुला आवडायची का गं?

राजेश्वरी: हे काय मधेच, आई? आवडायची की. छान व्हायची.

रंगूबाई: तसं नगं सांगू.

राजेश्वरी: मग कसं सांगू?

रंगूबाई: मला काय ठावं कसं! खरं आसंल तसं. मी हितं एकटीच हाय. पुढं समदं आवरून गेली ती लोकं. माज्या तोंडाकडं बघायला बी कोन न्हाई. सांग.

राजेश्वरी: आई, तुम्ही रडताय का?

रंगूबाई: न्हाई.

राजेश्वरी: थांबा हं, दार लावून घेते.

रंगूबाई: हाईस न्हवं? का ठेवलास?

राजेश्वरी: आहे. आई, सांगितलं तर राग नाही ना येणार?

रंगूबाई: आला तर येऊ दे. सांग तू.