न धरायचे दिवस

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा आणि एक बाई बसले होते. ओळख नुकतीच झालेली असावी.

"न्यूट्रिनो मोजता? ते असतात तरी कुठं?"

"सगळीकडे, काका. अतिसूक्ष्म कण ते, आत्ता तुमच्या अंगातून अब्जावधी आरपार चाललेत."

"आणि मला पत्ताही नाही!"

"कुणालाच नसतो. जमिनीखाली आमची पाण्याची भलीमोठी टाकी आहे, तिच्यातही दिवसाला दोन-तीनच सापडतात. तेवढ्यावरून एकूण प्रवाह केवढा, ते काढायचं."

"एखाद्या दिवशी एकही नाही सापडला तर? शून्य मांडायचं?"

"आधी बघायचं, यंत्र चालू होतं का. बंद असेल तर तो दिवस धरायचाच नाही."

"असं होय! मी वेड्यासारखा सगळेच धरत बसलो."

"कसले दिवस?"

"लेकाचा फोन नाही आला की कॅलेंडरवर शून्य काढतो. पण मध्ये चार दिवस माझा फोन दुरुस्तीला होता. ती चार शून्यं खोडायची ना मग?"

"खोडा की."

"चला, छत्तिसाची बत्तीस झाली."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"आजोबा, तुमचा नंबर. फोन बंद करून बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवतो, बंद नको. ताई, जरा धरता? वाजला तर उचला."

"आणि नाही वाजला तर, काका?"

"मग मांडायचं शून्य. फोन चालू होता ना, धरावंच लागेल."