हाना आणि आमचा परदेशी विद्यार्थी कक्ष

परदेशी पोरं आमच्या कॉलेजात कधी येऊन राह्यले, असं तुम्ही मले हसून विचारता ना, मग ऐकाच. परदेशी विद्यार्थी आपल्याकडे शिकाले यावेत असं सरकारनं ठरवलं, म्हणून आमच्या कॉलेजनंबी त्यांच्यासाठी कक्ष उघडला. कक्ष म्हणजे जिन्याखाली एक टेबल, अन् त्याचा प्रमुख मी.

शेवटी इथियोपियाच्या हाना नावाच्या एका पोरीनं चौकशी केली. प्राचार्यांनी कोट चढवला अन् व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं बसलो. बोलणं सगळं इंग्रजीत.

हानानं विचारलं, "विमानतळ जवळ आहे का?"

"अगदी जवळ," सर म्हणाले. आमच्या धाड गावावरून संभाजीनगरची एसटी वेळेवर भेटली, तर आहेच जवळ.

"आणि होस्टेल?"

"भव्य होणार आहे." हे खोटं नव्हतं. भूमिपूजन झालेलं होतं.

पोरगी खुश दिसली. मग तिनं सहज विचारलं, "सर, तुमची मुलंही इथेच शिकतात का?"

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. पण लग्नकार्यात पोरीचं सांगून सांगून सरांले सवय झालेली.

"माझी मुलगी जर्मनीत शिकते," सर अभिमानानं म्हणाले.

हानानं वही-पेन पुढं ओढलं. मग अदबीनं म्हणाली, "सर, त्या विद्यापीठाचं नाव सांगाल का?"

सरांनी नाव सांगतलं, स्पेलिंगसकट. आपल्या पोरीचा फोन नंबरबी देला. मग लॅपटॉप बंद करून मले म्हणाले, "अहवालात लिहून टाका, एका परदेशी विद्यार्थिनीले यशस्वी मार्गदर्शन केलं."