चुलीपाशी ऐकलेले शिनेमे

मागच्या रविवारी मी कढीले उकळी यायच्या आधीच तिच्यात डाळीचे गोळे सोडले. सगळे फुटले. गोळ्याची कढी व्हायची ते पिवळं गढूळ पिठलं झालं, अन् हे काही पहिल्यांदा चूल पेटवणाऱ्या पोट्ट्यानं केलं नाही, मी केलं, ज्याचे केस पिकले, ज्याले हीच कढी चड्डीत होता तवापासून येते, अन् जो बायकोले आजही सांगते का सुनंदा, तुह्या कढीत कायतरी कमी आहे. सुनंदानं त्या दिवशी कढीच्या गंजात डोकावून पाह्यलं, काही बोलली नाही. तिचं न बोलणं मले पुढचे कितीक रविवार पुरन.

आता गोळे काहून फुटले हे सांगाचं म्हणजे काय सांगू तुमाले, पार मेडशीपासून सुरू करा लागते.

आमचं घर मेडशीले, बौद्ध वस्तीत. मी, माय अन् बाबा. दोन खोल्या, समोर बैठक अन् मागं चूल, मधात मातीची भिंत. त्या भिंतीत इटेएवढं भोक होतं, कोणी काहून ठेवलं माहीत नाही, पण मागचा धूर त्यातून पुढं जाये अन् पुढचं बोलणं मागं ये. माय-बाबा दोघंही मजुरीले जायचे, सोयाबीन सोंगणं, तूर सोंगणं, जे असन ते. अन् एक वर्षी बाबानं वाशिमच्या लॉजवाल्याकून जुना टीव्ही आणला. काळा-पांढरा, दोन्हीकून सरकणारं लाकडी दार असलेला. नवरदेव बसवावा तसा टेबलावर बसवला. मायनं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, अन् टीव्ही लावला का तो रुमाल पडद्यावर लोंबे, मंग हिरोच्या कपाळावर कायम एक पोपट बसलेला दिसे. रुमाल काढाचा नाही. तो तिनं सोता भरला होता.

रविवारी संध्याकाळी मराठी शिनेमा लागे. अन् संध्याकाळी सैपाकाचीही तेच येळ. हे दुखणं होतं. मायनं पहिला शिनेमा अर्धाच पाह्यला. तव्यावर भाकर टाके, पुढं पळे, भाकर जळे, मागं पळे. शिनेमातल्या बाईचं लग्न झालेलं मायनं पाह्यलं, अन् दुसऱ्यांदा आली तं ते बाई पांढऱ्या लुगड्यात. मधातलं सगळं भाकरीत गेलं. पुढच्या रविवारी तिनं मले कानाले धरून चुलीपाशी बसवलं. मी लोकायले छाती काढून सांगतो का आमच्या घरात पोरगा-पोरगी सारखे, म्हणून मायनं मले सैपाक शिकवला. ते खोटं नाही. पण तिले शिनेमा पाहाचा होता.

बाबाचं काम कौलावर. आंटेना धरून उभे राहात. वरून म्हणत, आला काय? माय आतून म्हणे, मुंग्या आल्या. आता? आता मुंडकं दिसते, पाय दिसत नाही. बाबा म्हणत, मुंडक्यावर भागव, पाय सगळ्यायचे सारखेच असते. असं आमचं तिघायचं होतं, बाबा वर, माय समोर अन् मी मागं. घरातून शिनेमा पाहे एकटी मायच, तिच्यासंगं शेजारच्या बाया. बाबा अर्ध्यात खाली येत तं पुन्हा मुंग्या येत, मंग पुन्हा वर.

मायनं पहिले भाकर शिकवली. माही भाकर पाहून बाबा म्हणत, हा अकोला जिल्हा झाला, मानोऱ्याकडचा भाग जरा जास्त भाजला. मंग माय कढी-गोळ्यावर आली, कारण ते तिले पुढं बसून कानानं सांभाळता ये. डाळ ते दुपारीच पाट्यावर जाडसर वाटून ठेवे, मिरची-लसूण टाकून. ताकात बेसन कालवून गंज चुलीवर ठेवून दे, खाली तुराट्या पेटवून दे, अन् जाता जाता सांगे. हात थांबला तं कढी फुटते. अन् कढी बोलल्याबिगर गोये सोडाचे नाही, नाही तं गोये फुटते. आधी एकच सोडाचा. तो टिकला तं मंग बाकीचे. कढी बोलली म्हणजे बुडबुड आवाज आला. तेवढं सांगून पदर खोचून पुढं जाऊन बसे.

मी ढवळत राहो. भोकातून शिनेमा ये, फक्त आवाज. बांगड्या वाजल्या, दार वाजलं, कोणी रडलं. मी ऐकण्यात गुंगलो का हात थांबे, अन् मायचा आवाज त्याच भोकातून ये, ढवय बे सिध्या! आता तिले तिकडून कसं समजे, देव जाणे, आमी देव मानत नाही पण हे सांगाले दुसरा शब्द नाही. एकडाव पुढं हिरोईन सासूच्या पाया पडून राह्यली, शेजारच्या बाया डोळे पुसून राह्यल्या, अन् मधातच मायचं, ढवय बे! त्या बाया आठवडाभर मले ढवय म्हणूनच हाक मारत.

म्हणजे पाहा, माह्या लहानपणचे सारे शिनेमे मी ऐकले. पाह्यले नाही. पाहाले भेटायचे ते जेवताना, मायच्या तोंडून. ताट वाढलं का ते सुरू करे. तिचं लुगडं असं, काठ असा, रंग तं टीव्हीत नव्हता पण माय सांगे, हिरवं होतं. वाड्याच्या पायऱ्या अशा, सासूच्या नाकात एवढी नथ. मी तोंडात घास धरून ऐकत बसो. चावणंही तिले सांगा लागे.

त्यातला एक शिनेमा माह्या लय ध्यानात राह्यला. नाव माहीत नाही, चुलीपाशी नाव ऐकू येत नव्हतं, तुराट्या तडतडत. सासू सारखी खोकले. जावेनं कान भरले अन् सासरच्यायनं सुनेले घराबाहेर काढलं. पोटुशी होती. ते जाते नदीवर. मले पाण्याचा आवाज आला, मंग सनई, अन् मंग पुढच्या खोलीतल्या बाया हुंदके देऊन राह्यल्या. त्या दिवशी माह्या हातून घास उचलल्या जाईना. मी इचारलं, मेली काय व माय ते? माय म्हणे, मरते कायले? नदीच्या पुलावरून रस्ता जाते न. यष्टी आली, तिनं हात दाखवला, बसली. गेली मायेरी. मी म्हटलं, गर्दी होती काय? माय म्हणे, होती, पण तिले खिडकीपाशी जागा भेटली. खाय आता.

मी खाल्लं. दोनडाव कढी घेतली. अन् त्याच्यानंतर किती वर्ष, मेडशीच्या स्टँडवर अकोल्याकडून यष्टी आली का मी खिडक्या पाहो. एखादी बाई डोक्यावर पदर घेऊन खिडकीपाशी दिसली का मले वाटे, हेच असन. एकीले तं मी इचारलं होतं, मावशी, मायेरी चालल्या काय? ते म्हणे, नाही रे बाबा, दात उपटाले.

पुढं मी लाइनमन झालो. हेही पाहा, लाइन गेली का जे माय टीव्हीपुढं बसून सरकारच्या सात पिढ्या काढे, त्याच मायचा पोरगा खांबावर चढला. किन्हीराजा गावाले ड्युटी होती तवा संध्याकाळी फ्यूज उडाला का बाया खांबाखाली येऊन उभ्या राहात, भाऊ, शिरेल सुरू झाली, भाऊ, आज तिचं लग्न आहे. कोणी शिव्या देत. मले राग नाही आला कधी. मी वरतून म्हणो, बाई, मी चढून राह्यलो, तुमी तवर कढी ढवळा. त्यायले वाटे याले शॉक लागला.

बाबा गेले. माय मेडशीलेच राह्यली, माह्याकडं वाशिमजवळच्या मालेगावले ये म्हटलं तं म्हणे, तुह्या घरी मले भिंतच सापडत नाही, सगळे दारंच दारं. पण या उन्हाळ्यात न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं, तिले मालेगावले घरी आणलं. हाड जुळलं म्हणे डॉक्टर, पण आता पोटात गेलं पाहिजे, खाल्लं नाही तं बाई उठत नाही. अन् माय खाईना. सुनंदानं मऊ भात केला, मुगाची खिचडी केली, बेसनाचं आळण केलं, भाकर दुधात कुस्करली. दोन घास, अन् ताट पुढं सरकवे. पोट भरलं म्हणे. बोलणंही तेवढंच. आमच्या घरी भिंतभर टीव्ही आहे, ते त्याच्याकडं भिंतीसारखीच पाहे. आमी आपापल्या मोबाइलात. हातावरची कातडी अशी सैल पडली तिची, सलाइनवालीले शीर सापडेना. मले भेव वाटाले लागलं. अन् खरं सांगू, तिनं खावं हे तं वाटेच, पण त्याहून जास्त मले वाटे का तिनं एकडाव तरी माह्यावर वरडावं. घरात तिचा आवाजच राह्यला नव्हता.

म्हणून मागच्या रविवारी मी हे सोंग मांडलं. मोबाइलवर तो शिनेमा हुडकला. नाव माहीत नसलेला शिनेमा हुडकणं म्हणजे काय असते ते तुमी करून पाहा, सून, जाऊ, नदी असं लिहिलं तं अर्धा महाराष्ट्र बाहेर निघते. मी डोळे मिटून आवाजच ऐकत गेलो, अन् त्या सासूचा खोकला ऐकू आला तसा ओळखला. संध्याकाळी सुनंदानं टीव्हीले जोडून दिला. मायले खुर्चीत बसवलं. टीव्हीवर रुमालही टाकला, पोपटाचा नव्हता, माह्या डब्ब्याचा होता. मी आत गॅसवर कढी ठेवली.

फरक एकच झाला. इथं मधात भिंत नव्हती. ओट्यापाशी उभं राहून मले टीव्ही सरळ दिसे. जन्मात पहिल्यांदा मी ढवळतही होतो अन् पाहतही होतो. लुगडं खरंच काठाचं होतं. पायऱ्या मायनं सांगितल्या तशाच. मंग ते बाई नदीवर आली. माह्या हातात गोळ्याचं ताट. मी पुलाकडं पाहून राह्यलो. म्हटलं, आता यष्टी येईन. ते बाई पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत. कंबरेपर्यंत. यष्टी येईना. पूलच नव्हता तिथं! सनई वाजली, पदर पाण्यावर तरंगला, अन् पुढं नुसतं पाणी. मी ताट कवा उपडं केलं मले आठोत नाही. कढी बोलली नव्हती. साधं कोमट होतं सगळं.

मी तसाच हातात कढीचा डाव घेऊन बाहेर आलो. म्हटलं, माय, ते तं मेली!

माय टीव्हीकडं पाहत म्हणे, मंग? मरणारच होती.

अन् तू तं तिले यष्टीत बसवलं होतं! खिडकीपाशी!

मायनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं, किती दिवसानं असं सरळ पाह्यलं. म्हणे, तू जेवत होता न बे.

मी उभाच. डावातून कढी फरशीवर ठिबकून राह्यली. मायनं नाक वर केलं, वास घेतला. म्हणे, कढी बोलली काय? मी डाव पाठीमागं लपवला. म्हणे, आण इकडं काय केलं ते.

वाटीत आणून देलं. तिनं चमचा बुडवून गोळा हुडकला, इकून हुडकला, तिकून हुडकला. एकही नाही. सुनंदा दारात तोंडावर पदर धरून उभी. माय खाऊ लागली. हळूहळू, फुकून फुकून. वाटी चाटूनपुसून रिकामी केली, अन् ताट सरकवे तशी पुढं सरकवली, मले वाटलं झालं. पण हात वाटीवरच होता. वाढ म्हणे.

मी वाढलं. दुसरी वाटी अर्धी खाऊन झाल्यावर माय म्हणे, उकयी आली का नाही आली एवढंही तुले अजून समजत नाही, अन् लोकायनं तुले खांबावर चढवलं?